तुम्ही भरून आणलेला गडू

वहिनी, काल तुमचा तेरावा झाला. जेवणं नीट पार पडली. आमटीत मीठ जरा पुढं गेलं होतं. तुम्ही असता तर रांधणारणीला दोन शब्द ऐकवले असते आणि मग तीच आमटी दोन वाट्या मागून घेतली असती. दादा दिवसभर ओट्यावर बसून होते. कुणी काही विचारलं की त्यांच्या तोंडून "तिला इचारा" एवढं निघायचं, मग त्यांचं त्यांनाच कळायचं. तुमच्या नवऱ्याला स्वतःचा पंचा कुठं असतो हे अजून माहीत नाही.

काल मी एक गोष्ट केली, ती तुम्हाला सांगायची आहे म्हणून हे लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. शिकवतो म्हटलं तर "घरात मास्तर असल्यावर म्या कशाला डोळं फोडू" म्हणून तुम्ही मला उडवून लावत होता. म्हणून एकेक ओळ लिहून झाली की मोठ्यानं वाचतो आहे. शेजारच्या अंगणातून दोघं-तिघं डोकावून गेली. एकटाच बोलणारा माणूस बघून त्यांना काय वाटायचं ते वाटो, कालपासून मला त्याची भीती उरलेली नाही.

अकरा वर्षं झाली. यमूची आई तापानं गेली तेव्हा यमू पाच वर्षांची होती. मी सोलापुरात चौथीच्या वर्गाचा मास्तर. त्या थंडीत शाळातपासणीला दिपोटी, म्हणजे सरकारी डेप्युटी इन्स्पेक्टर, येऊन गेले आणि माझ्या मनानं घेतलं की ते परत गेलेच नाहीत. ते भिंतीमागं बसलेत, माझ्या डोक्यात येणारं एकेक वाक्य वहीत उतरवून घेताहेत आणि लाल शाईनं त्यातल्या चुका काढताहेत. त्यांना लिहायला काही मिळू नये म्हणून मी विचार करणं बंद करायला गेलो. ते जमेना, मग बोलणं बंद केलं, मग जेवण. शाळेतल्या लोकांनी दादांना निरोप धाडला आणि दादा बैलगाडी घेऊन येऊन मला आमच्या गावी, कुंभारीला घेऊन गेले.

दादांना मी कधीच दोष दिला नाही. त्यांना जे माहीत होतं ते सगळं त्यांनी केलं. बाधा उतरवणारा देवर्षी आणला, मिरच्यांची धुरी दिली, लिंबं उतरून टाकली, आणि मी रानात पळू नये म्हणून पायात बैलाची साखळी घातली. साखळी घालताना ते रडत होते हेही मला आठवतं. तुम्ही वीस दिवस हे बघितलंत. एकविसाव्या दिवशी सकाळी शेणाचे हात तसेच घेऊन तुम्ही आलात, साखळी सोडलीत आणि दादांना म्हणालात, "देवाचं समदं करून झालं. आता दाक्तराचं बगू. पुन्याला इस्पितळ हाय असल्या दुखन्याचं."

लोणी विकायला तुम्ही सोलापुरात सात रस्त्याला जात होता, तिथं एका दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तुम्हाला ते सांगितलं होतं. दादा म्हणाले, "येड्यांच्या इस्पितळातनं मानूस परत येत न्हाय."

तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "आनि हितं तरी कुटं हाय त्यो?"

तेव्हा मी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलो होतो. सगळ्यांना वाटत होतं मला काही कळत नाही. वहिनी, ते वाक्य मला कळलं होतं. मी हितं नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं आहे, एवढाच त्याचा अर्थ माझ्यापुरता होता, आणि कितीतरी दिवसांनी मला एकटं वाटलं नाही.

पुण्याला नुसतं जाऊन चालत नाही. मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, डॉक्टरांचे दाखले लागतात. दादा अर्जावर सही करीनात. घराण्याचं नाव कचेरीत वेड्यांच्या कागदावर जायला नको म्हणाले. मग अर्जदार तुम्ही झालात, अंगठ्यानं. तीन दिवस तुम्ही मला घेऊन कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली बसलात. मी आपला टोपी घालून, हात मांडीवर ठेवून अगदी शहाण्यासारखा बसलेलो, आणि तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पट्टेवाल्याशी भांडत होता. तिसऱ्या दिवशी कारकून बाहेर आला, दोघांकडं नीट बघितलं आणि विचारलं, "यातलं वेडं कोण?"

"आज म्या हाय," तुम्ही म्हणालात. "तीन दिस उनात बसवल्यावर कोन शानं राहील, सायेब?"

कारकून हसला आणि संध्याकाळच्या आत कागद हातात पडला. पुढं ही गोष्ट तुम्ही मला कितीदा सांगितलीत, आणि दर वेळी कारकुनाच्या मिशा थोड्या मोठ्या होत गेल्या.

इस्पितळात मी सात महिने होतो. तिथं काय केलं म्हणून मी बरा झालो, हे मला आजही सांगता येत नाही. झोपेचं एक कडू औषध असे. एक डॉक्टर होते, ते घाई न करता विचारत आणि उत्तर आलं नाही तरी थांबत. सकाळी वांग्याच्या वाफ्यात काम असे. कुणी बांधलं नाही. आणि तुम्ही येत होता. सात महिन्यांत चार वेळा तुम्ही आगगाडीनं आलात. भेटीच्या दिवशी ओळखीचा माणूस दिसेल अशी आशा बहुतेकांनी सोडलेली असे, आणि तुम्ही फाटकातून बोलत बोलतच आत यायचा.

पहिल्या भेटीला मी बोललो नाही. तुम्ही म्हशीचं सांगितलंत, यमूला पडलेल्या दाताचं सांगितलंत, भाकरी आणि शेंगांची चटणी पुढं ठेवलीत. मी खाईना. मग तुम्ही हळूच विचारलंत, "दिपोटी अजून हायेत व्हय?"

मी मान हलवली.

"मग त्यास्नी सोडून तुमी कसं जेवनार," असं म्हणून तुम्ही एक चतकोर तोडलीत, तिच्यावर चटणी घातलीत आणि भिंतीपाशी ठेवून आलात. "घ्या की, सायेब. लांबनं आनलीया." त्या दिवशी मी अख्खी भाकरी खाल्ली. दिपोटी त्यानंतरही बरेच महिने होते, पण माझी त्यांची भीती तेव्हापासून कमी होत गेली.

तिथं शिवाप्पा नावाचा एक शेतकरी होता, अक्कलकोटच्या पलीकडचा. त्याला मराठी येत नव्हती आणि आमच्यात कुणाला कानडी येत नव्हती, त्यामुळं तो काय बोलतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमचं माहेर त्याच अंगाचं, कानडी बोलणारं. दुसऱ्या भेटीला तुम्ही त्याच्याशी बोलायला लागलात आणि तो माणूस लहान मुलासारखा तुमच्या पायाशी बसला. तो बैलांची नावं सांगत होता, एवढंच. तुम्ही परत जाताना वाट वाकडी करून त्याच्या गावी गेलात आणि त्याच्या भावाला सांगितलंत की तुमचा माणूस बरा व्हायला लागलाय, आणायला जा.

मला न्यायला तुम्ही आलात त्या दिवशी मी तुम्हाला अगोदर एक वचन मागितलं. मी इथं होतो हे कुणाला कळू द्यायचं नाही. शाळेत रजेच्या अर्जावर दादांनी काशीयात्रा असं लिहून दिलं होतं, गावातही, बाधा उतरवायला काशीला गेलाय, असंच सांगितलं होतं. वेड्याला शाळेत कोण ठेवील, आणि वेड्याची पोर कोण करून घेईल? तुम्ही माझी वळकटी घट्ट बांधलीत. मग म्हणालात, "बरं. काशी तर काशी. पर गंगेचं पानी म्या भरनार."

काशीहून आलेला माणूस गंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू आणतो, त्याची पूजा करून गावाला जेवण घालतो. गडू नसता तर मावंदं कसलं आणि काशी कसली? तुम्ही पुण्यात तांबट गाठलात, गडू घेतलात, परत इस्पितळात आलात आणि आमच्या वांग्याच्या वाफ्यांना पाणी देत होतो त्या विहिरीवर तो बुडवून भरलात. मग तांबटाकडून झाकण डाग देऊन पक्कं बसवून घेतलंत. मी म्हटलं, ही तर शुद्ध फसवणूक झाली. तुम्ही म्हणालात, "लबाडी तुमी करताय, भावजी. म्या न्हाय. ज्या पान्यानं आमचं मानूस आमास्नी परत दिलं, तेच म्या घरला नेतीया."

मावंद्याचं जेवण आठवतं? पंगतीत काशी करून आलेले एक म्हातारबुवा निघाले आणि मला विचारू लागले, कुठल्या घाटावर उतरला होता. मी चौथीच्या भूगोलात होतं नव्हतं तेवढं सगळं सांगून टाकलं. गंगेची लांबी सांगितली, उगम सांगितला, तिला मिळणाऱ्या नद्या सांगितल्या. घाट मात्र एकही सांगितला नाही. म्हातारबुवा बुचकळ्यात पडले. तुम्ही पाठीमागून त्यांच्या पानात पुरणपोळी टाकलीत आणि वर तुपाची धार सोडलीत ती त्यांचं तोंड बंद होईपर्यंत. काळे दोरेही तुम्ही वाटलेत, काशीच्या काळभैरवाचे म्हणून, सोलापूरच्या बाजारातून आणलेले. त्यातला एक अजून दादांच्या मनगटावर आहे.

त्याच दिवशी, पाहुणे गेल्यावर, मी तुम्हाला खंडोबापुढं बेलभंडारा उचलून हे कुणाला न सांगायची शपथ घ्यायला लावली. आईच्या जागी जी तुम्हालाच ओळखते त्या यमूच्या लग्नासाठी. तुम्ही उचललात. माझ्याकडं न बघता उचललात.

आपल्या दोघांचं एकच भांडण होतं, आणि ते दहा वर्षं पुरलं. मी बाजारात शिवाप्पाला बघितलं तेव्हा ते पेटलं. तो ज्वारीच्या पोत्यावर बसला होता, अंगानं भरला होता, भावाशी हसत होता. त्यानं मला बघितलं. मी त्याला बघितलं. आणि आम्ही दोघांनीही मान फिरवली. घरी येऊन मी तुम्हाला आनंदानं सांगितलं की शिवाप्पा बरा आहे, त्याच्या गावचे लोक तो मुंबईला होता असं सांगतात. तुम्ही हातातलं सूप खाली ठेवलंत.

"एक काशीला गेला हुता, एक मुंबैला गेला हुता," तुम्ही म्हणालात. "मंग इस्पितळातनं परत आलं कोन? कुनीच न्हाय की. लोकास्नी खरंच वाटनार, तितं गेलेलं मानूस मरतंय."

मी रागावलो. तुम्हाला काय कळतं, नोकरी माझी जाईल, असं म्हणालो. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी चटणी कुटताना "मीठ बगा" म्हणून हातावर चिमूट ठेवलीत आणि तो विषय तेवढ्यापुरता मिटला. तुमचं माफ करणं नेहमी असं खाण्यातून यायचं.

यमूचं लग्न झालं, ती माढ्याला नांदायला गेली. वरात निघून गेल्यावर तुम्ही मांडवातच म्हणालात, "आता सोडवा की मला शपतंतनं." मी म्हटलं, एखादं मूल होऊ दे. मूल झालं. मग मी म्हटलं, मुलाचं जावळ होऊ दे. वहिनी, मी तुम्हाला फसवत होतो. यमूचं नाव पुढं करून मी स्वतःला वाचवत होतो, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

मग या वर्षी शेजारच्या गोदाबाईंची चंपा. मूल जन्मून चार दिवसांत गेलं, तेव्हापासून ती कुणाशी बोलत नाही. सासरच्यांनी आणून सोडली. गोदाबाई तिला मागच्या खोलीत ठेवतात आणि बाहेरून कडी घालतात. तुम्ही रोज जाऊन तिची वेणी घालत होता. पेरणीच्या आधी एक दिवस गोदाबाई आपल्या अंगणात बसल्या होत्या, मीही तिथंच बियाणाच्या शेंगा फोडत होतो. तुम्ही म्हणालात, गोदाक्का, पोरीला पुन्याला ने.

गोदाबाई म्हणाल्या, "तितनं परत आलेलं एक मानूस दावा. एक दावा, लगीच नेते."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. शाळेत एखाद्या पोराला उत्तर येत असतं आणि तो उठत नाही, तेव्हा मी जसा वाट बघतो तशी वाट बघितलीत. मी खाली मान घालून शेंगा फोडत राहिलो. फोडलेले दाणे मी टरफलात टाकत होतो आणि टरफलं दाण्यांत, हे गोदाबाई गेल्यावर तुम्ही मला दाखवलंत. 

त्यानंतर दोन महिन्यांत तुम्हाला छातीचा ताप आला. शेवटच्या दुपारी सगळी जमली. कुणीतरी म्हणालं, घरात काशीचा गडू आहे की, तोंडात पाणी घाला. दादांनी देव्हाऱ्यातून गडू काढला आणि झाकण फोडलं. मी काशीला गेलो नव्हतो हे दादांना ठाऊक होतं, पण गडू तुम्ही पुण्यात कुणा यात्रेकरूकडून घेतलेला, पाणी गंगेचंच, असं ते धरून होते. आपण दोघंच जाणत होतो. तुळशीचं पान बुडवून मी तुमच्या ओठांशी नेलं, आणि माझा हात थांबला, कारण तुम्हाला अखेरच्या घोटाला तरी खरी गंगा मिळायला हवी होती असं मला वाटलं. तुम्ही डोळे उघडलेत. माझं मनगट धरून पाणी घेतलंत.

"ग्वाड हाय," तुम्ही म्हणालात. "उरल्यालं सांबाळा."

गोदाबाई पायथ्याशी होत्या. तेव्हा मला सांगता आलं असतं. मी रडत होतो, आणि रडण्यामागं लपणं सोपं असतं. तुम्ही दिवस मावळायच्या आत गेलात. माझं तोंड बंद ते बंदच राहिलं, आणि तुमची क्षमा मागताना पुढं ठेवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. काल दुपारपर्यंत नव्हतं.

काल पंगती उठल्यावर दादा म्हणाले, गडूत पाणी उरलंय, तीर्थ म्हणून सगळ्यांना दे. मी पळी घेऊन उभा राहिलो. यमू आली होती, जावई आले होते, भावकी होती. रांगेत गोदाबाई आल्या. त्यांनी हात पुढं केला, पण तीर्थ तोंडाला लावायला नव्हे. हातात वाटी होती.

"चंपीसाटी दे, मास्तर," त्या म्हणाल्या. "खरं गंगेचं हाय. तुज्या वैनीला ग्वाड लागलं. माज्या पोरीला गुन ईल."

वहिनी, मी ते पाणी वाटीत घातलं असतं तर चंपाच्या मागच्या खोलीची कडी मीच बाहेरून लावल्यासारखी झाली असती.  मी म्हटलं, "गोदाक्का, हे काशीचं नाही. मी काशी बघितलेली नाही. हे पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळातल्या विहिरीचं पाणी आहे. मी तिथं सात महिने होतो. वहिनींनी मला नेलं आणि वहिनींनीच परत आणलं. तुम्ही परत आलेलं एक माणूस मागितलं होतं ना, तर ते हे."

 दादांनी मनगटावरच्या काळ्या दोऱ्याकडं बघितलं. मावंद्याला जेवलेली निम्मी माणसं समोर होती. जावई उठून अंगणात गेले आणि यमू खाली बघत राहिली.  मी पळी खाली ठेवली नाही.

गोदाबाईंनी वाटी मागं घेतली नाही. माझ्या तोंडाकडं त्या बघत राहिल्या, दात बघून बैल पारखतात तसं. मग पहिला प्रश्न विचारला, "तितं जेवाय काय देत्यात?"

मी सांगितलं. भात असतो, भाकरी असते, बरी असते.

"केस कापत्यात?"

मी म्हटलं, बायकांचं मला ठाऊक नाही, विचारून घेऊ.

"भेटू देत्यात?"

"वहिनी चारदा आल्या होत्या," मी म्हटलं. 

त्यांनी वाटी आणखी पुढं केली. "मंग ह्येच दे," म्हणाल्या. "ह्ये लागू पडल्यालं हाय." मी गडू तिरपा करून सगळं पाणी त्यांच्या वाटीत ओतलं. तुम्ही सांभाळायला सांगितलं होतं ते ह्याच्यासाठीच, असं मी धरून चाललो आहे. चुकत असेन तर भांडायला या.

आज सकाळी जावई गाडी जुंपून निघाले. काल त्यांच्या मनात काय आलं मला माहीत नाही आणि यमूला त्याचं काय सोसावं लागेल याचा घोर मला आहे. निघताना एवढंच विचारलं, "पुण्याला कुठल्या गाडीनं जाणार?" मी वेळ सांगितली. यमूनं तुमची चटणी कुटायची उखळी मागून घेतली. दादांनी ती स्वतः गाडीत ठेवली आणि मग मला म्हणाले, कचेरीत अर्जाला दोन माणसं लागत असली तर मी सही करीन.

मी तुमचे उपकार वगैरे लिहीत नाही. तसं काही तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही मला शेण काढायला पाठवलं असतं. पण मला यमूचं लग्न बघायला मिळालं, तिचं मूल मांडीवर घ्यायला मिळालं, दहा वर्षं पोरांना पाढे शिकवता आले, ते सगळं तुम्ही एका सकाळी सोडलेल्या साखळीपासून सुरू झालं. तुम्ही होता याचा मला फार आनंद आहे, वहिनी. आज, तुम्ही नसतानाही, दुःखापेक्षा तोच जास्त आहे.

उद्या गोदाबाई, चंपा आणि मी कचेरीत जाणार. लिंबाचं झाड अजून आहे. किती दिवस बसावं लागेल कोण जाणे, म्हणून आत्ताच शाळेत रजेचा अर्ज लिहिला. तोही वाचून दाखवतो, ऐका.

"रजेचं कारण: शेजारच्या एका आजारी मुलीला पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवायचं आहे. मी स्वतः तिथं सात महिने राहून बरा होऊन आलो असल्यामुळं वाट माहितीची आहे. त्या वेळच्या अर्जात काशीयात्रा असं लिहिलं होतं, ते खोटं होतं."

हा अर्ज हेडमास्तरांच्या हातून दिपोटींकडंच जातो. काढू देत त्यांना लाल शाईनं काय चुका काढायच्या त्या.